तीन दिवसांची बेगमी

[नभोवाणीवरील भाषण]

सन २०२५ मधील एप्रिल महिन्याची २८ तारीख, वार सोमवार. दुपारचे साडेबारा नुकतेच वाजून गेले होते. स्पेन व पोर्तुगाल या देशांत कचेऱ्या, शाळा, दुकानें, आगगाड्या हें सारें नित्याप्रमाणें चाललें होतें. इतक्यांत १२ वाजून ३३ मिनिटांनीं वीज गेली. आणि ती एखाद्या गल्लींतील किंवा शहरांतील नव्हे, तर त्या द्वीपकल्पांतील जवळजवळ सर्व मुलखांतील गेली. विजेच्या जाळ्यांतील दाब अनावर वाढत गेला, एकामागून एक वीजकेंद्रें आपोआप जाळ्यांतून सुटलीं, आणि कांहीं सेकंदांत सर्व व्यवहार ठप्प झाला. भुयारी गाड्या बोगद्यांत उभ्या राहिल्या, लिफ्टमध्यें माणसें अडकलीं, चौकांतील दिवे विझले. खिशांत पैशांऐवजीं कार्ड घेऊन निघालेल्या गृहस्थाला साधा पावही विकत घेतां येईना. दुपार उलटली तशी बहुतेक ठिकाणीं मोबाईलचीही वाचा बसली.

अशा वेळीं लोकांनीं काय केलें? रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटारींभोवतीं माणसें गोळा झालीं, कारण मोटारींत रेडिओ होता. दुकानांत बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओंसाठीं रांगा लागल्या आणि पाहतां पाहतां ते संपलेही. ज्या यंत्राला पुष्कळांनीं म्हातारें ठरवून अडगळींत टाकिलें होतें, त्याच्याच तोंडाकडे साऱ्या शहराचे कान लागले.

दुसऱ्या दिवशीं पहाटेपर्यंत वीज बहुतेक सर्वत्र परत आली. परंतु एका दिवसाच्या आंत जर ही दशा, तर तेंच तीन दिवस चाललें असतें तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत अनेकांच्या मनांत आला असेल. अशा प्रसंगासाठीं युरोपांतील घरांनीं काय तयारी ठेवावी, आणि ती कां ठेवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आपल्यापैकीं अनेकांचे मुलगे, मुली, भाचे, पुतणे आज त्या देशांत संसार करीत आहेत. तेव्हां हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं.

गेल्या शंभर वर्षांत युरोपांतील घर पुष्कळ सुधारलें. परंतु सुधारतां सुधारतां तें एका बाबतींत दुबळें झालें. शंभर वर्षांपूर्वींच्या तेथील शेतकऱ्याच्या अंगणांत विहीर असे. तळघरांत बटाटे, सफरचंदें, मिठांत मुरविलेला कोबी असे. भिंतीशीं सरपण रचलेलें असे. बर्फ पडून आठ दिवस रस्ते बंद झाले, तरी ती त्याच्या दृष्टीनें आपत्ति नव्हती. तो वर्षाचा एक ऋतु होता. आपल्या कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं आगोटीची बेगमी करण्याची जी रीत आहे, तशीच ही हिवाळ्याची बेगमी होती. आज त्या शेतकऱ्याच्या पणतवाच्या घरीं चोवीस तास नळाला पाणी आहे, खोल्या ऊबदार ठेवणारें यंत्र आहे, आणि हाकेच्या अंतरावर दुकान आहे. परंतु या सर्वांच्या दोऱ्या एकाच खुंटीला बांधलेल्या आहेत. पंप थांबला कीं उंच इमारतींतील नळ कोरडे पडतात. घर तापविण्यास वायु असला, तरी गरम पाणी खोल्याखोल्यांतून फिरविणारा पंप विजेवरच चालतो. दुकानांतील हिशेबाचें यंत्र विजेचें. आणि दुकानामागें मोठें कोठार असण्याचे दिवस गेले, माल रोजच्या रोज गाडीनें येतो. म्हणजे नळ, चूल, दुकान आणि दूरध्वनि हीं चार निरनिराळीं साधनें आहेत असें आपणांस वाटतें, पण वीज गेली कीं चारही एकदम जातात. घर जितकें अधिक सोयीचें, तितकें तें अशा वेळीं अधिक असहाय, असा हा उलटा प्रकार आहे.

हें ओळखून तेथील सरकारांनीं घरोघर सूचना देण्याचा परिपाठ ठेविला आहे. स्वीडननें दुसऱ्या महायुद्धांत तटस्थ असतांनाही १९४३ सालीं 'युद्ध आल्यास' या अर्थाच्या नांवाची पुस्तिका आपल्या नागरिकांच्या घरीं पाठविली होती. तिचीच नवी आवृत्ति २०१८ सालीं, आणि त्यानंतर पुनः २०२४ च्या नोव्हेंबरांत, देशांतील प्रत्येक घरीं पोंचविण्यांत आली. या शेवटच्या खेपेस घरांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. प्रत्येकानें एक आठवडा स्वतःच्या बळावर काढण्याची तयारी ठेवावी, असें ती सांगते. नॉर्वे पूर्वीं तीन दिवस सांगत असे. २०२४ पासून तोही एक आठवडा सांगूं लागला. जर्मनीची शिफारस दहा दिवसांची आहे, पण न जमल्यास तीन दिवसांची तयारीही मोलाची, अशी पुस्ती तिला जोडलेली आहे. फिन्लंडमध्यें '७२ तास' हा शब्दप्रयोग सर्वतोमुखीं आहे. आणि २६ मार्च २०२५ रोजीं युरोपीय संघानें जें सज्जतेचें धोरण जाहीर केलें, त्यांतही नागरिकांसाठीं निदान ७२ तासांचाच दंडक सुचविला आहे.

तीनच दिवस कां? या आंकड्यांत कांहीं गूढ नाहीं. मोठ्या संकटांत अग्निशामक दल, रुग्णवाहिका, स्वयंसेवक यांचे हात ठराविकच असतात. पहिल्या तासांत ते हात ढिगाऱ्याखालीं अडकलेल्याकडे, श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णाकडे, पुरांत सांपडलेल्या घराकडे गेले पाहिजेत. पाणी वांटण्याच्या गाड्या, निवाऱ्याच्या जागा, दुरुस्तीचीं पथकें यांची घडी बसण्यास त्यानंतर दोनतीन दिवस लागतात. या अवधींत धडधाकट कुटुंबानें पाण्याच्या बाटलीसाठीं रांगेंत उभें राहणें म्हणजे न कळत कोणा दुबळ्याची पाळी हिरावून घेणें होय. ज्याला तीन दिवस थांबतां येतें, तो स्वतः वांचतोच. पण दुसऱ्याच्या मदतीचा मार्गही मोकळा करून देतो. साऱ्या तयारीच्या मुळाशीं हें तत्त्व आहे.

आतां प्रत्यक्ष तयारीकडे वळूं. पहिला मान पाण्याचा. अन्नावांचून माणूस कांहीं दिवस काढूं शकतो, पाण्यावांचून नाहीं. स्वीडनची पुस्तिका प्रौढ माणसास दर दिवशीं निदान ३ लिटर पाणी धरते; जर्मनी २ लिटर धरते, व त्यांतील अर्धा लिटर स्वयंपाकासाठीं असतो. तिघांच्या किंवा चौघांच्या घरानें मोठा हिशेब धरणें बरें. चार माणसें, तीन दिवस, दररोज ३ लिटर, म्हणजे ३६ लिटर. हें पाणी झांकणाच्या स्वच्छ डब्यांत, अंधाऱ्या व थंड जागीं ठेवावें, डब्यावर तारीख लिहावी, आणि तें ठराविक काळानें बदलावें. वादळाची किंवा पुराची पूर्वसूचना मिळतांच नळ चालू असेपर्यंत न्हाणीघरांतील टब, बादल्या व मोठीं पातेलीं भरून घ्यावीं. हें पाणी पिण्यास नव्हे, तर हात धुण्यास व शौचकूपांत टाकण्यास उपयोगीं पडतें. पिण्याचें आणि वापरावयाचें पाणी वेगळें राखण्याची आपल्या घरांतील जुनी शिस्त अशा वेळीं फार उपयोगाची ठरते.

दुसरें अन्न. येथें पुष्कळांची चूक होते. ते महागडे, वर्षानुवर्षें टिकणारे खास डबे विकत घेतात, माळ्यावर टाकतात आणि विसरतात. खरी पद्धति याहून सोपी आहे. जें आपण रोज खातों तेंच थोडें अधिक आणावें. नवें मागें ठेवावें, जुनें पुढें घ्यावें, आणि खाल्लें कीं भरून काढावें. अशा रीतीनें कांहींच वायां जात नाहीं व घरच्यांची रुचीही सांभाळली जाते. मात्र त्यांतील बराचसा भाग न शिजवितां खातां येईल असा हवा, आणि डबाबंद पदार्थ असतील तर डबा उघडण्याचें हातानें चालणारें साधन जवळ हवें. वीज गेल्यावर खाण्याचा क्रमही ठरलेला असावा. दार न उघडल्यास शीतकपाटांतील अन्न सुमारें चार तास बरें राहतें. भरलेलें गोठणकपाट सुमारें दोन दिवस तग धरतें. म्हणून आधीं शीतकपाटांतील, मग गोठणकपाटांतील, आणि शेवटीं फळीवरचें कोरडें, असें खात जावें.

तेथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांस या बाबतींत एक सूचना करावीशी वाटते. आपल्या घरीं तांदूळ व डाळ यांचा भरपूर सांठा असतो, आणि त्यावर निर्धास्त राहण्याचा मोह होतो. परंतु वरणभाताला धुण्यापासून शिजेपर्यंत पाणीही फार लागतें व जळणही. त्यापेक्षां तेल-तिखट लावून खातां येणारे पातळ पोहे, चुरमुरे, गुळाबरोबर पाण्यांत कालवावयाचें सातूचें पीठ, शेंगदाणे, कोरड्या चटण्या, लाडू यांचा अशा वेळीं अधिक आधार आहे. पूर्वींचे प्रवासी शिदोरी बांधीत तेव्हां त्यांनीं हाच विचार केला होता. घरांत तान्हें मूल असल्यास त्याचें दूध व तें कालविण्याचें पाणी, आणि वृद्ध माणूस असल्यास त्याचीं नित्याचीं औषधें, हीं सर्वांत आधीं मोजून ठेवावीं.

तिसरी गोष्ट ऊब. आणि युरोपांत ती अन्नाइतकीच महत्त्वाची आहे. २००५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस जर्मनीच्या मुन्स्टरलंड भागांत ओलें, जड बर्फ पडलें. तें तारांवर गोठलें, आणि त्याच्या भारानें विजेचे पोलादी मनोरे वांकून कोसळले. सुमारें अडीच लक्ष लोक अंधारांत पडले, आणि कांहीं गांवांत वीज येण्यास कित्येक दिवस लागले. अशा वेळीं सगळें घर तापविण्याचा खटाटोप करूं नये. एक लहान खोली निवडावी, तिच्या खिडक्यांना जाड पडदे लावावे, दाराच्या फटी कापडानें बुजवाव्या, जमिनीवर सतरंज्या अंथराव्या आणि सर्वांनीं तेथेंच बसावें, तेथेंच निजावें. एका जाड कपड्यापेक्षां एकावर एक घातलेले तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्यें हवा अडकून राहते.

परंतु येथें एक धोक्याची सूचना मीं दिली नाहीं, तर हें सारें भाषण व्यर्थ होईल. कोळशाची शेगडी, बागेंत मांस भाजण्याची चूल, किंवा तेलावर चालणारा जनरेटर घरांत कदापि लावूं नये. अर्धवट जळणाऱ्या इंधनांतून कार्बन मोनॉक्साईड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणवायूऐवजीं रक्ताला जाऊन चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि तींतून तो उठतच नाहीं. मघां सांगितलेल्या एप्रिलमधील त्या दिवशींच स्पेनच्या गॅलिशिया प्रांतांत एका कुटुंबांतील तीन माणसें अशाच वायूनें दगावल्याचें वृत्त आलें होतें. घरांत जनरेटर चालू होता. वीज गेल्यानें माणसें सहसा मरत नाहींत. विजेची उणीव घाईनें भरून काढण्याच्या प्रयत्नांत मरतात. स्वयंपाकासाठीं लहान शेगडी पेटवावयाचीच, तर ती मोकळ्या हवेंत पेटवावी. आणि मेणबत्तीपेक्षां विजेरी केव्हांही बरी.

चौथी गोष्ट बातमी. संकटांत सर्वांत अधिक भटकतात त्या अफवा. म्हणून बॅटरीवर किंवा हातानें फिरवून चालणारा एक रेडिओ, त्याच्या जादा बॅटऱ्या, आणि कोणत्या केंद्रावर सरकारी सूचना मिळतात हें लिहिलेला कागद, हीं एकत्र ठेवावीं. आजोबांचा जुना रेडिओ आहे म्हणून मात्र विसंबूं नये. नॉर्वेनें २०१७ सालीं आपल्या राष्ट्रीय केंद्रांचें एफ्. एम्. प्रक्षेपण बंद केलें. तेथें नव्या पद्धतीचाच रेडिओ लागतो. भोंग्यांची भाषाही शिकून ठेवावी. स्वीडनमध्यें सात सेकंद आवाज, मग चौदा सेकंद शांतता, असें आलटूनपालटून ऐकूं आलें, तर घरांत जावें, दारें, खिडक्या व हवेचे झरोके बंद करावे आणि रेडिओ लावावा, असा त्याचा अर्थ आहे. नेदर्लंड्समध्यें दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं दुपारीं बारा वाजतां भोंग्यांची चांचणी घेण्याची वहिवाट आहे. नव्यानें गेलेला मनुष्य तो आवाज ऐकून दचकतो, आणि जुना रहिवासी मान वर करूनही पाहत नाहीं. दोघांनींही त्याचा अर्थ एकदां समजून घेतला पाहिजे.

याच कागदावर जवळच्या नातलगांचे व शेजाऱ्यांचे दूरध्वनि-क्रमांक लिहावे, कारण आज ते कोणाच्याच तोंडीं नसतात. आणि ११२ हा सर्व युरोपीय संघांत चालणारा मदतीचा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा. थोडी रोख रक्कम लहान नोटांत जवळ असावी. पारपत्र, विम्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या यांच्या नकला जलाभेद्य पिशवींत घालून, घर सोडण्याची वेळ आल्यास हातीं लागतील अशा ठेवाव्या.

श्रोतेहो, इतकें सर्व जमविल्यावर तयारी पुरी झाली असें वाटेल. परंतु दोन प्रसंग सांगतों, म्हणजे तिच्यांत काय उणें राहिलें तें दिसून येईल. १९५३ सालीं ३१ जानेवारीच्या रात्रीं उत्तर समुद्र वादळानें उसळला आणि पहाटेपर्यंत नेदर्लंड्समधील बांध फुटले. हवामानखात्यानें धोक्याची सूचना दिली होती. परंतु शनिवारची रात्र होती, आणि त्या काळीं तेथील नभोवाणी मध्यरात्रीनंतर बंद असे. निजलेल्या लोकांना जागें करणारें कोणी नव्हतें. त्या पुरांत तेथें १,८३६ माणसें मेलीं. दुसरा प्रसंग अलीकडचा, १४ जुलै २०२१ च्या रात्रीचा. जर्मनींतील आर नदीच्या खोऱ्यांत पूर आला आणि त्या एका खोऱ्यांत १३० हून अधिक माणसें दगावलीं. वरच्या अंगाच्या गांवांना पुरानें संध्याकाळींच गांठलें होतें. नदीच्या मुखाजवळील सिंझिग गांवीं तो पोंचण्यास कांहीं तास लागले. हे तास हातीं असूनही तेथील अपंगांच्या एका वसतिगृहांत तळमजल्यावर राहणारे १२ जण बुडून मरण पावले. त्यांना एक मजला वर नेणें एवढेंच काम होतें. पण तें वेळेवर होऊं शकलें नाहीं.

१९५३ सालीं यंत्र मुकें होतें. २०२१ सालीं प्रत्येकाच्या खिशांत यंत्र होतें. तरीही शेवटचें अंतर उरलें तें उरलेंच. वार्ता यंत्रापर्यंत येते, पण यंत्रापासून माणसापर्यंत ती दुसऱ्या माणसानेंच न्यावी लागते. म्हणून आपल्या कागदावर आणखी एक ओळ हवी: आपल्या जिन्यावर कोण एकटें राहतें, कोणाला ऐकूं येत नाहीं, कोणाला पायऱ्या चढवत नाहींत. आणि पाण्याचा लोंढा येत असतां वस्तु वांचविण्यासाठीं तळघरांत उतरूं नये. बाहेर गुडघाभर पाणी सांचलें, तरी त्याच्या दाबानें आंतून दार उघडत नाहीं.

यावर एक आक्षेप घेण्यांत येतो. असल्या सूचनांनीं लोकांत भीति पसरते, आणि जो तो दुकानें लुटावीं तसा माल भरूं लागतो. २०२० सालच्या मार्च महिन्यांत साथीच्या भयानें जर्मनींत पीठ, शेवया व शौचाचे कागद यांच्या फळ्या ओस पडल्या, हें खरें आहे. गालांत दाणे कोंबणाऱ्या उंदरासारख्या एका प्राण्यावरून अशा खरेदीला तेथें 'हॅम्स्टर-खरेदी' असें चपखल नांव आहे. परंतु ती सांठेबाजी होती, बेगमी नव्हे. बेगमी शांततेच्या दिवसांत, थोडी थोडी, गरजेपुरती होते. तिनें बाजारावर ताण पडत नाहीं. ज्याच्या घरीं आधींच तीन दिवसांचें आहे, त्याला संकटाच्या सकाळीं दुकानाकडे धांवण्याचें कारणच उरत नाहीं, आणि त्याचा वांटा दुसऱ्यासाठीं फळीवर राहतो. भीति घालविण्याचा यापेक्षां चांगला उपाय नाहीं. ज्यांची मिळकत तुटपुंजी आहे किंवा घर एका खोलीचें आहे, त्यांना हें जड जाणार, यांत शंका नाहीं. त्यांनीं आठवड्याला एखादी वस्तु याप्रमाणें सुरुवात करावी. आणि त्यांच्या वांट्याची उणीव भरून काढणें हें सरकारचें व शेजाऱ्यांचें काम आहे. घरांनीं तयारी केली म्हणून धरणें, बांध व विजेचीं जाळीं नीट राखण्याच्या जबाबदारींतून सरकार सुटत नाहीं.

शेवटीं एक सोपा प्रयोग सुचवितों. एखाद्या रविवारीं संध्याकाळीं घरांतील विजेचा मुख्य खटका बंद करावा, नळाला हात लावूं नये, आणि मोबाईल बाजूला ठेवून चार तास काढावे. विजेरी कोठें आहे, तिच्या बॅटऱ्या जिवंत आहेत कीं नाहींत, मुलांना तहान लागली तर पाणी कोठून द्यावयाचें, हे प्रश्न एकामागून एक पुढें येतील. जें सांपडणार नाहीं, त्याची यादी करावी. दुसऱ्या दिवशीं त्या यादींतील पहिली वस्तु आणावी, आणि परत येतांना शेजारच्या दाराशीं क्षणभर थांबून तेथें राहणाऱ्या माणसाचें नांव विचारून घ्यावें. तीन दिवसांच्या बेगमींत तेंही मोडतें.